अंगणातली अँटेना बिघडली तर

शहापूर-मुरबाडच्या गावात हौशी रेडिओच्या ४० मीटर बँडसाठी, म्हणजे ७ मेगाहर्ट्झसाठी, सुमारे २० मीटर तार लागते. अंगण तेवढे नसेल तर तारेचा मध्य उंच बांबूवर घ्यावा आणि टोके खाली वाकवावीत. प्रवाह मध्यावर सर्वाधिक असतो, त्यामुळे फारसे नुकसान होत नाही. मात्र तार पत्र्याच्या छपराला खेटली, तर अँटेनाचा मेळ ढळतोच.

सह्याद्रीच्या पायथ्याचा पाऊस सुरू झाला की आधी केबलचे जोड तपासा. तिथे पाणी शिरले की बहुधा एसडब्ल्यूआर, म्हणजे परतणाऱ्या लहरीचे माप, वाढते. खरी फसगत पुढे आहे. लांब केबल आतून ओली झाली तर ती शक्ती गिळते, परतणारी लहरही वाटेतच विरते आणि मीटर उलट उत्तम आकडा दाखवतो. म्हणून केबलच्या दूरच्या टोकाला ५० ओहमचा डमी लोड, म्हणजे अँटेनाऐवजी लावायचा रोध, जोडून तिथे किती वॅट पोचतात, ते मोजावेच.

नुसती खरखर असेल तर घराचा मेन स्विच बंद करून रेडिओ बॅटरीवर ऐका. ती थांबली, तर दोष घरातल्याच एलईडी दिव्याचा किंवा चार्जरचा.

तार विजेच्या वाहिनीजवळ कधीही नेऊ नका, आणि वळवाचे ढग दिसताच केबल रेडिओपासून काढून घराबाहेर ठेवा.