नाणी निघतात कुठून, जातात कुठे?

पुणे पोलिसांनी २०१८ साली ‘गेनबिटकॉइन’ या योजनेच्या प्रवर्तकाला अटक केली, तेव्हा बिटकॉइन हा शब्द घराघरांत पोहोचला. योजना ऐकायला अगदी सोपी होती. तुमच्याकडचे बिटकॉइन आमच्याकडे द्या, आम्ही त्यातून ‘मायनिंग’ करू आणि दरमहा दहा टक्के याप्रमाणे अठरा महिने तुम्हाला बिटकॉइनमध्येच परतावा देऊ. म्हणजे एक दिला की १.८ परत. अनेकांनी साठवलेले पैसे घातले, काहींनी नातेवाइकांनाही घालायला लावले. पुढे परतावा आटला आणि बिटकॉइनऐवजी योजनेचेच स्वतःचे, बाजारात फारशी किंमत नसलेले नाणे लोकांच्या हाती ठेवण्यात आले. प्रवर्तकाचे २०२२ मध्ये निधन झाले, तपास पुढे सीबीआयकडे गेला.

या प्रकरणात कायद्याचा, लोभाचा, विश्वासाचा भाग आहेच. पण त्यातला एक भाग निव्वळ अंकगणिताचा आहे आणि त्याविषयी फारच कमी बोलले गेले. ‘मायनिंग’ म्हणजे नेमके काय हे ज्याला ठाऊक आहे, त्याला ते दहा टक्क्यांचे आश्वासन ऐकताक्षणीच खटकायला हवे. ते का, हे पाहू.

‘मायनिंग’ या शब्दानेच पहिला घोटाळा होतो. खाण म्हटले की जमिनीत काहीतरी दडलेले आहे आणि जितके खणू तितके हाती लागेल, असे चित्र डोळ्यांपुढे येते. इथे दडलेले काहीच नाही. जे काम चालते ते हिशेबनिसाचे असते. बिटकॉइनच्या सगळ्या व्यवहारांची एकच खातेवही आहे आणि तिच्या प्रती जगभरातल्या हजारो संगणकांवर आहेत. तिचे एक पान साधारण दहा मिनिटांनी भरते. या पानाला ब्लॉक म्हणतात. आता प्रश्न असा, की मालक किंवा बँक नसलेल्या या वहीत पुढचे पान लिहायचे कुणी? कुणाही सोम्यागोम्याला लिहू दिले, तर तो स्वतःच्या नावावर वाटेल तेवढी रक्कम टाकेल किंवा एकच नाणे दोघांना देईल.

सातोशी नाकामोतो या टोपणनावाने २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात यावर तोडगा होता. पान लिहिण्याचा हक्क सोडतीने द्यायचा, पण सोडतीचे तिकीट फुकट मिळणार नाही, ते वीज जाळून घ्यावे लागेल.

सोडत समजून घ्यायला पाच फासे घ्या. पाचही फाशांवर एकाच वेळी एक पडला पाहिजे, अशी अट आहे. हे दान पडण्याची शक्यता ७,७७६ मध्ये एक. कितीही हुशार खेळाडू असला तरी फासे पुन्हा पुन्हा टाकण्यावाचून दुसरा मार्ग नाही. मात्र दान पडले की नाही, हे बघायला शेजाऱ्याला एक नजर पुरते. संगणक नेमके हेच करतो. तो पानावरचा मजकूर आणि सोबत एक मनाने घेतलेला आकडा ‘हॅश’ नावाच्या गणिती चरकातून काढतो. बाहेर ६४ अंक-अक्षरांची एक ओळ पडते. मजकुरात स्वल्पविराम बदलला तरी ती ओळ पार बदलते. ओळीच्या सुरुवातीला ठरावीक संख्येने शून्ये आली तर दान पडले. नाही तर आकडा बदलून पुन्हा. हा आकड्यांचा खेळ सेकंदाला अब्जावधी वेळा चालतो. ज्याला दान पडते तो पान लिहितो, बाकीचे ते तपासून आपल्या वहीला जोडतात आणि पुढच्या पानाच्या मागे लागतात. जुने पान गुपचूप बदलायचे, तर ते आणि त्यानंतरची सगळी पाने पुन्हा फासे टाकत लिहावी लागतात, तेही बाकीचे जग पुढे जात असताना. वहीची सुरक्षितता म्हणतात ती एवढीच, पण ती पुरेशी आहे.

पान लिहिणाऱ्याला बिदागी म्हणून नवी नाणी मिळतात. नाणी ‘निघतात’ ती इथूनच, दुसरीकडून कुठूनही नाही.

खरी गोम पुढे आहे. फासे टाकणारे वाढले, तर दान लवकर पडू लागेल. म्हणून दर २,०१६ ब्लॉकनंतर, म्हणजे सुमारे दोन आठवड्यांनी, अट आपोआप बदलते. खेळाडू वाढले तर जणू सहावा फासा येतो, घटले तर फासा कमी होतो. परिणामी जगभरात दहा यंत्रे चालोत की दहा लाख, दिवसाला साधारण १४४ पानेच भरतात. यंत्रे वाढवून नाणी वाढत नाहीत, फक्त प्रत्येकाच्या वाट्याचा तुकडा लहान होतो. २०२१ मध्ये चीनने मायनिंगवर बंदी घातली तेव्हा याचा उलटा प्रयोग पाहायला मिळाला. जगातली जवळपास निम्मी यंत्रे काही आठवड्यांत बंद पडली, पाने रखडत भरू लागली आणि त्या जुलैच्या सुरुवातीला अट एका फटक्यात सुमारे २८ टक्क्यांनी सैल झाली. थोड्याच दिवसांत गाडी पुन्हा दहा मिनिटांच्या वेळापत्रकावर आली.

आता गेनबिटकॉइनचे आश्वासन या गणितापुढे ठेवा. २०१६ च्या पूर्वार्धात प्रत्येक ब्लॉकला २५ नाणी मिळत, म्हणजे साऱ्या जगात मिळून दिवसाला सुमारे ३,६००. जुलै २०१६ मध्ये ही बिदागी नियमाप्रमाणे निम्मी, म्हणजे १२.५ झाली, दिवसाला १,८००. त्याच काळात यंत्रे वाढत होती, म्हणजे प्रत्येकाचा वाटा घटत होता. अशा वेळी अठरा महिने दरमहा ठरावीक बिटकॉइन देईन, असे कुणी म्हणत असेल तर तो मायनिंगमधून ते देऊच शकत नाही. तशी हमी देणे म्हणजे अर्धे गाव आणखी विहिरी खोदत असताना आपल्या विहिरीचे पाणी दरमहा तेवढेच राहील असे लिहून देणे. परतावा येत होता तो नव्याने आलेल्या गुंतवणूकदारांच्या नाण्यांतून, असा तपास यंत्रणांचा आरोप आहे. त्यांनी आरोप केला नसता तरी अंकगणित वेगळे काही सांगत नाही.

विजेचा मुद्दा इथेच उरकून घेऊ. केंब्रिज विद्यापीठाच्या अंदाजानुसार बिटकॉइनचे मायनिंग वर्षाला शंभर अब्ज युनिटांहून जास्त वीज खाते. स्पर्धा जितकी तीव्र तितका हा आकडा वाढतो, आणि व्यवहार मात्र तेवढेच होतात. ही उधळपट्टी आहे का? माझ्या मते आहे. पण ती चुकून झालेली नाही, रचनेतच आहे. तिकीट स्वस्त केले तर सोडतीला अर्थ उरत नाही. मायनिंग केंद्रांतल्या हजारो पंख्यांचा त्रास मात्र ज्यांनी तिकीट घेतलेच नाही त्यांना होतो. अमेरिकेत टेक्सासमधल्या ग्रॅनबरी परिसरातले रहिवासी या अखंड घरघरीने झोप उडाल्याची, डोकेदुखीची तक्रार करत थेट न्यायालयात गेले.

बिदागी निम्मी होण्याचा उल्लेख वर आला. बिटकॉइनच्या पुरवठ्याची मर्यादा त्यातूनच तयार होते. ‘फक्त २ कोटी १० लाख’ हा आकडा नियम म्हणून वेगळा कुठे कोरलेला असावा असे वाटते, प्रत्यक्षात तो बेरजेचे उत्तर आहे. पहिल्या २ लाख १० हजार ब्लॉकना प्रत्येकी ५० नाणी, पुढच्या तेवढ्यांना २५, मग १२.५, मग ६.२५ आणि एप्रिल २०२४ पासून ३.१२५. भाकरीची अर्धी, मग पाव, मग त्याच्या निम्मी असे वाढत गेलो तर ताटात एकूण एक भाकरीच पडते, तसेच हे. एका बिटकॉइनचे दहा कोटी भाग होतात आणि त्याहून बारीक तुकडा होत नाही, म्हणून २१४० च्या सुमारास ही बेरीज थांबेल. ९४ टक्क्यांहून अधिक नाणी आजच बाहेर आली आहेत.

ही मर्यादा तोडली गेल्याचे उदाहरणही आहे. १५ ऑगस्ट २०१० रोजी प्रणालीतल्या एका चुकीचा फायदा घेऊन कुणीतरी एकाच व्यवहारात १८,४०० कोटींहून अधिक बिटकॉइन तयार केले. बेरीज संगणकाला मावेनाशी झाली की ती उलटी फिरते, अशी ती चूक होती. पण खातेवही उघडी होती, त्यामुळे गडबड तासा-दोन तासांत लोकांच्या नजरेस पडली. काही तासांत दुरुस्ती आली, ते पान सोडून देऊन वही पुढे लिहिली गेली. मर्यादा टिकली ती संगणकामुळे जितकी, तितकीच माणसांनी एकमताने ‘हे आम्ही मानत नाही’ म्हटल्यामुळे.

आणि तिसरा गैरसमज, जो सर्वांत पसरलेला आहे: बिटकॉइनचे व्यवहार गुप्त असतात. आपल्याकडे सातबाराचे चावडीवाचन होते, कुणाच्या नावावर किती जमीन ते गावासमोर वाचले जाते. बिटकॉइनची वही म्हणजे असेच अखंड चालणारे चावडीवाचन आहे, फक्त नावांऐवजी टोपणनावे वाचली जातात. एकदा का एखादे टोपणनाव कुणाचे हे कळले, की त्याचा मागचा-पुढचा सगळा हिशेब उघडा. हाँगकाँगमधून चालणाऱ्या ‘बिटफिनेक्स’ या बाजारातून ऑगस्ट २०१६ मध्ये १,१९,७५४ बिटकॉइन चोरीला गेले. त्यातली बरीचशी नाणी कुठल्या पत्त्यावर पडून आहेत हे सगळ्या जगाला वर्षानुवर्षे दिसत होते. चोराने काही नाणी गुप्त बाजारपेठांतून, अनेक खात्यांतून फिरवली, तरी माग सुटला नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिकी तपास यंत्रणांनी न्यूयॉर्कच्या एका जोडप्याला अटक करून ९४ हजारांहून अधिक बिटकॉइन ताब्यात घेतले. त्या वेळची किंमत सुमारे ३६० कोटी डॉलर.

ज्यांना खरेच गुप्तता हवी होती त्यांनी वेगळी नाणी काढली. २०१४ चे ‘मोनेरो’ प्रत्येक व्यवहारात खऱ्या देणाऱ्याला पंधरा सोंगांच्या घोळक्यात उभे करते, घेणाऱ्याचा पत्ता दर वेळी नवा करते आणि रक्कमही झाकते. २०१६ चे ‘झीकॅश’ आणखी अवघड गणित वापरते. मनात लगेच शंका येते, की रक्कमच झाकली तर कुणी हवेतून नाणी काढली नाहीत, हे कसे कळणार? उत्तर तराजूसारखे आहे. तोंड बांधलेल्या थैल्या दोन्ही पारड्यांत ठेवल्या आणि काटा मधोमध राहिला, तर आत काय आहे हे न बघताही दोन्हीकडे सारखेच आहे एवढे नक्की सांगता येते. ही गणिती तराजूची कल्पना मला तरी या सगळ्या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

पण तराजूच बिघडला तर? झीकॅशमध्ये २०१८ मध्ये तशीच चूक त्यांच्याच तज्ज्ञाला सापडली. तिच्या जोरावर कुणी अमर्याद खोटी नाणी बनवू शकला असता. त्यांनी ती गुपचूप दुरुस्त केली आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये जाहीर केले. कुणी गैरफायदा घेतल्याचे दिसले नाही. मात्र थैल्या बांधलेल्या असल्याने तशी खात्री २०१० च्या बिटकॉइनसारखी नुसत्या नजरेने करता येण्याजोगी नव्हती. मोनेरोतही २०१७ मध्ये अशीच पळवाट बुजवावी लागली होती. गुप्तता आणि पुरवठ्याची पडताळणी एकमेकींना ओढतात ती अशी. जितके झाकाल तितका मोजणाऱ्यावर विश्वास ठेवावा लागेल.

मर्यादा आणि मायनिंग यांच्यातही असाच ताण आहे. बिदागी निम्मी-निम्मी होत शून्याकडे चालली, तर उद्या फासे टाकायला वीज कोण जाळणार? बिटकॉइनचे उत्तर, व्यवहार करणाऱ्यांनी भरलेल्या शुल्कावर तो खर्च भागेल. मोनेरोवाल्यांना ते पटले नाही. त्यांनी मर्यादाच ठेवली नाही. जून २०२२ पासून तिथे प्रत्येक ब्लॉकला ०.६ नाणे कायम मिळत राहते. कोण बरोबर, हे आणखी काही दशके गेल्याशिवाय ठरणार नाही. शिवाय एका नाण्याची मर्यादा पाळली म्हणून नाण्यांच्या प्रकारांना मर्यादा येत नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये बिटकॉइनच्या वहीचीच फांदी फुटून ‘बिटकॉइन कॅश’ निघाले. गेनबिटकॉइनच्या गुंतवणूकदारांना शेवटी मिळालेले नाणेही कुणीतरी असेच नव्याने काढलेले होते.

आपल्याकडे या चलनांच्या नफ्यावर एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर आहे आणि त्या जुलैपासून व्यवहारावर एक टक्का टीडीएस. कर लावला म्हणजे सरकारने हमी घेतली, असा प्रचार काही मंडळी करतात; त्याला आधार नाही.

पुण्याच्या त्या प्रकरणाला मार्च २०२२ मध्ये वेगळेच वळण लागले. तपासात पोलिसांना तांत्रिक मदत करणाऱ्या दोघांनाच पोलिसांनी अटक केली. जप्त करण्याजोगी नाणी परस्पर वळती केली आणि वॉलेटमध्ये शिल्लक कमी असल्याचे भासवण्यासाठी स्क्रीनशॉटमध्ये फेरफार केला, असा त्यांच्यावर आरोप ठेवण्यात आला. स्क्रीनशॉट बदलता येतो. खातेवहीतली शिल्लक तशी बदलता येत नाही. वॉलेटचा पत्ता माहीत असेल, तर इंटरनेट असलेल्या कुठल्याही मोबाइलवर ती कुणालाही फुकट पाहता येते.