कॅन्ससमध्ये बघण्यासारखं आहे तरी काय?

लेबर डेच्या सुट्टीला जोडून तीन दिवस मिळाले आणि मित्रमंडळींनी कॅन्सस सिटीहून डेन्व्हरला गाडीनं जायचं ठरवलं, की कोणीतरी हमखास सांगतं, "मधलं कॅन्सस रात्रीतच उरकून टाका. बघण्यासारखं काही नाही तिथे." आम्हालाही हेच सांगितलं गेलं. आम्ही मात्र दिवसाउजेडी निघालो, जागोजागी गाडी थांबवली, आणि आता भेटेल त्याला नेमका उलटा सल्ला देतो. इंटरस्टेट 70 चे कॅन्ससमधले 424 मैल जागेपणीच पार करा. एकच गोष्ट ध्यानात ठेवा: इथल्या गवताळ प्रेअरीत वर जे दिसतं, त्याचं कारण बहुतेक वेळा जमिनीखाली असतं.

त्या बदनाम सपाटीपासूनच सुरुवात करू. कॅन्सस सिटी समुद्रसपाटीपासून साधारण 900 फुटांवर आहे. राज्याची पश्चिम सीमा ओलांडता तेव्हा तुम्ही 3,900 फुटांवर असता. घाट लागला नाही, कान बंद झाले नाहीत, आणि 3,000 फूट चढून झाले! ही चढण आली कुठून? रॉकी पर्वतातून. तो झिजत गेला, नद्यांनी त्याची वाळू आणि गोटे पूर्वेकडे वाहून आणले, आणि लाखो वर्षांत पश्चिम कॅन्ससवर त्याचा एक विशाल उतरता थर पसरला. तिथे तुम्ही गाडी चालवता ती खरं तर एका पर्वताच्या चुऱ्यावरून.

पाऊसही या उताराच्या उलट वागतो. मेक्सिकोच्या आखातातून येणारी ओल पूर्व भागाला भिजवते, आणि पश्चिमेला पोहोचेपर्यंत संपत येते. पूर्वेला वर्षाला 40 इंच, तर पश्चिम टोकाला 20 इंचांहूनही कमी. गाडीच्या काचेतून नुसतं गवत बघत राहिलात तरी पाऊस कळतो. आधी डोक्याएवढं, मग कमरेएवढं, आणि कोलोरॅडो जवळ आलं की घोट्याएवढं.

मॅनहॅटन नावाच्या गावाजवळ (हो, कॅन्ससमध्येही मॅनहॅटन आहे) फ्लिंट हिल्स लागतात, आणि तिथे कोन्झा प्रेअरी नावाचं राखलेलं माळरान आहे. तिथे उतराच. सप्टेंबरच्या सुरुवातीला 'बिग ब्लूस्टेम' हे गवत पुऱ्या उंचीवर असतं. दांडा जांभळट तांबूस, टोकाला तुऱ्याचे तीन फाटे. ओलसर खोलगट जागेत ते उंच माणसालाही झाकून टाकतं. पण जे दिसतं ते अर्ध्याहून कमी! या गवताचा मोठा हिस्सा मुळांत असतो, आणि मुळं आठ-दहा फूट खोल जातात. म्हणजे प्रेअरी हे एक उलटं जंगल आहे, आणि आपण त्याच्या शेंड्यावरून चालत असतो. दरवर्षी या मुळांतली काही मरतात, कुजतात, मातीत मिसळतात. हजारो वर्षं हे चाललं आणि त्यातून काळीभोर माती तयार झाली. विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाला ती घरचीच वाटेल, पण दोघींची घडण अगदी वेगळी. आपली काळी माती बेसाल्टचा खडक झिजून झालेली, तिच्यात सेंद्रिय अंश कमीच. यांची काळी झाली ती गवत मरून मरून.

आता एक कोडं. इथल्या पावसात झाडं मजेत वाढू शकतात. मग इथे जंगल का नाही? उत्तर आहे, आग. झाडाचे कोंब वर असतात, त्यामुळे वणव्यात झाड सगळंच गमावतं. गवताचा कोंब मातीलगत, मातीच्या आड सुरक्षित. वरचं जळून गेलं की काळी पडलेली जमीन उन्हानं लवकर तापते आणि काही दिवसांत हिरवी पाती फुटतात. इथले मूळचे काव आणि ओसेज लोक पिढ्यान् पिढ्या मुद्दाम आग लावत आले, कारण कोवळ्या गवतावर गवे येतात हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आजही वसंतात इथले गुराखी माळ पेटवतात. कोन्झावर संशोधक काही तुकडे दरवर्षी जाळतात, काही दोन वर्षांनी, काही चार, तर काही वीस वर्षांनी. न जाळलेल्या तुकड्यात झुडपं आणि सीडार घुसलेले साध्या डोळ्यांनी दिसतात. अलीकडे माळ, पलीकडे रान, मध्ये फक्त एक पायवाट. अमेरिकेतली उंच गवताची प्रेअरी आज 4 टक्केही उरलेली नाही. जॉन डीअरच्या पोलादी नांगरानं 1837 पासून जो सपाटा लावला, त्यात बाकीची मक्याखाली आणि सोयाबीनखाली गेली. फ्लिंट हिल्स वाचल्या त्या मातीखालच्या चुनखडीत ठासून भरलेल्या गारगोट्यांमुळे. नांगर चालेचना!

हायवे सोडून एखाद्या खडीच्या रस्त्याला लागलात की दुसरी गंमत सुरू होते. बरोबर एका मैलावर चौक. पुढच्या मैलावर पुन्हा चौक. हे 1785 च्या एका कायद्याचं काम. सगळा मुलूख सहा मैलांच्या चौकोनांत कापायचा, त्यात एकेक मैलाचे 36 तुकडे, प्रत्येक तुकडा 640 एकरांचा. मोजणीदार 66 फुटी साखळी ओढत चालले. 80 साखळ्या झाल्या की मैल. 1862 मध्ये सरकारनं त्यातला पाव तुकडा, म्हणजे 160 एकर, येऊन कसेल त्याला देऊ केला. या रेघा मारताना तिथे आधीपासून नांदणाऱ्या काव, पॉनी, शायन लोकांना कोणी विचारलं नव्हतं, हे विसरून त्या सुबक चौकोनांचं कौतुक करता येत नाही.

आणि मग, मैलोन् मैल नाकासमोर गेलेला रस्ता एकाएकी डावीकडे वळतो, थोडंसं जाऊन उजवीकडे वळतो आणि पुन्हा उत्तरेला सरळ! ना ओढा, ना टेकडी. का वळला? पृथ्वी गोल आहे म्हणून! उत्तरेकडे जाणाऱ्या दोन रेघा कधीच समांतर राहत नाहीत. संत्र्याच्या फोडी कशा देठाकडे निमुळत्या होत जातात, तशा त्या ध्रुवाकडे जवळ येतात. कॅन्ससच्या अक्षांशावर सहा मैल रुंदीचा पट्टा 30 मैल उत्तरेला जाईपर्यंत जवळजवळ 200 फुटांनी अरुंद होतो. चौकोन चौकोनी राहावेत म्हणून मोजणीदार ठरावीक अंतरावर थांबत आणि नव्यानं मापं घेत. जुन्या आणि नव्या रेघांचा मेळ बसत नाही, तिथे रस्त्याला बाक येतो. मी त्या बाकावर गाडीतून उतरून दोन्ही दिशांना बघत कितीतरी वेळ उभा होतो. पृथ्वीची गोलाई स्टिअरिंगवर हातांना जाणवते, अशी जागा आणखी कुठे मिळणार?

सलायनाच्या पुढे, लिंकन आणि रसेलच्या आसपास, कुंपणाचे खांब बघा. दगडी आहेत! कुंपणाला लाकूड आणणार कुठून? झाडंच नव्हती. पण मातीखाली जेमतेम वीतभर जाडीचा चुनखडीचा एक थर सापडला, दूरवर पसरलेला आणि कमालीचा एकसारखा. शेतकरी एका रेषेत भोकं पाडत, त्यात पाचरी बसवत आणि आळीपाळीनं ठोकत जात. शेवटी दगड सरळ रेषेत दुभंगे. ताजा काढलेला हा दगड मऊ असतो, हवेवर राहिला की कडक होतो. खांबाजवळ गेलात तर मधोमध गंजाच्या रंगाची रेघ दिसेल, आणि नीट निरखलंत तर शिंपल्यांचे ठसे.

शिंपले? समुद्रापासून इतक्या दूर? एके काळी इथे समुद्रच होता. आर्क्टिकपासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत, अमेरिका खंडाला उभा चिरत गेलेला. हेजच्या स्टर्नबर्ग संग्रहालयात त्याचा एक रहिवासी मांडलेला आहे. 14 फुटी झिफॅक्टिनस मासा, आणि त्याच्या पोटात, फासळ्यांच्या आड, 6 फुटांचा अख्खा दुसरा मासा! गिळला आणि पचायच्या आत स्वतःच मेला. सुमारे आठ-साडेआठ कोटी वर्षांपूर्वीचं हे जेवण. तेव्हा आपला सह्याद्री घडवणारा लाव्हा अजून जमिनीबाहेरही आलेला नव्हता.

पुढे वाकीनी गाव मागे पडलं की 100 अंश पश्चिम रेखांश ओलांडला जातो. भूगर्भशास्त्रज्ञ जॉन वेस्ली पॉवेलनं 1878 मध्येच बजावलं होतं की इथून पश्चिमेला नुसत्या पावसावर शेतीचा भरवसा धरू नका. तरीही नकाशावर वरून बघाल तर इथे हिरवी वर्तुळंच वर्तुळं दिसतात. सरकारी चौकोनात बसवलेली वर्तुळं! 160 एकरांच्या चौकोनात साधारण 125 एकरांचं वर्तुळ मावतं, कोपरे कोरडे राहतात. मधोमध विहीर, तिथून निघालेला पाव मैल लांबीचा नळ, चाकांच्या मनोऱ्यांवर चढवलेला, आणि तो शेतात गोल फिरतो. याचं पेटंट 1952 मध्ये फ्रँक झायबॅक या शेतकऱ्यानं मिळवलं. तो राहायचा कोलोरॅडोतल्या स्ट्रासबर्गजवळ, याच हायवेवर.

नळ वाकडा न होता फिरतो कसा, हे ऐका. आजच्या यंत्रात प्रत्येक मनोऱ्याला स्वतःची मोटर असते. सगळ्यात बाहेरचा मनोरा आधी हलतो. त्यामुळे जोडावर किंचित कोन पडतो, तिथला स्विच लागतो आणि आतला मनोरा पुढे सरकतो. मग त्याच्या आतला. कोणी कोणाला ओढत नाही, प्रत्येकजण शेजाऱ्याला गाठतो. आणि एक हिशेब करून बघा: नळाची बाहेरची जेमतेम 30 टक्के लांबी निम्म्या शेताला पाणी पाजते. म्हणूनच टोकाकडची तोंडं मोठी ठेवावी लागतात.

हे पाणी येतं त्याच पर्वताच्या चुऱ्यातून. ओगलाला नावाचा हा साठा आठ राज्यांखाली पसरलेला आहे, आणि हजारो वर्षांत वाळूत मुरलेलं पाणी गेल्या सत्तरेक वर्षांत झपाट्यानं उपसलं गेलं आहे. नैऋत्य कॅन्ससच्या काही भागांत पातळी 100 फुटांहूनही खाली गेली आहे. मला याची फार काळजी वाटते, कारण वरचा पाऊस हा तोटा भरून काढू शकत नाही.

याच टापूत रस्त्याकडेला तांबूस कणसांचं एक पीक दिसलं, आणि आमच्यातली सोलापूरकडची मैत्रीण ओरडलीच, "अरे थांबव, ज्वारी आहे ही!" होतीच. अमेरिकेत सगळ्यात जास्त ज्वारी कॅन्सस पिकवतं. तिथे तिला मायलो म्हणतात. पण उंची बघून आम्ही चक्रावलो, कमरेएवढीसुद्धा धड नाही. आपली मालदांडी माणसाच्या डोक्यावरून जाते, कारण आपल्याला कणसाइतकाच गुरांसाठी कडबाही हवा असतो. इथे हार्वेस्टरला कापायला सोपं जावं म्हणून बुटके वाण निवडत नेले. दांड्यावरून अंगठा फिरवला तर मात्र तीच ओळखीची पांढरी भुकटी हाताला लागते. ते मेण आहे, पाण्याची वाफ रोखणारं. पाऊस लांबला की ज्वारी वाढ थांबवून नुसती तग धरते, सर आली की पुन्हा वाढू लागते. विहिरीचं पाणी उतरलेले कॅन्ससचे कितीतरी शेतकरी मका सोडून तिच्याकडे वळतात, ते याचमुळे.