राक्षसाचे वजन किती?

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांच्या वहीचे शेवटचे पान आम्हा शिक्षकांच्या चांगल्या परिचयाचे असते. त्या पानावर शिंगे असलेला दैत्य असतो, पंख फुटलेला योद्धा असतो, नाहीतर डोळ्यांतून ठिणग्या टाकणारी एखादी हडळ असते. अलीकडे या चित्रांवर जपानी चित्रकथांची, म्हणजे ‘मांगा’ची छाप दिसते. त्यांतही भय आणि अद्भुत यांची सांगड घातलेल्या कथा मुलांना विशेष आवडतात. त्यांना आपण ‘भयाद्भुत कथा’ म्हणू या.

आता तुम्ही म्हणाल, विज्ञानाच्या मासिकात राक्षसांचे काय काम? राक्षस काल्पनिक असतो हे खरे. परंतु त्याचे चित्र पाहणारे डोळे खरे असतात. ज्या जमिनीवर तो उभा आहे असे आपण मानतो, तिचे गुरुत्वाकर्षणही आपल्या ओळखीचे असते. म्हणून काल्पनिक पात्र घडविणाऱ्यालाही निसर्गाचे नियम ठाऊक असावे लागतात. ते कोठे उपयोगी पडतात, हे आपण क्रमाने पाहू.

पिंगुळी आणि जपान

चित्रामागून चित्र दाखवून गोष्ट सांगण्याची कला आपल्याला नवी नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी नावाचे गाव आहे. तेथील ठाकर समाजाचे कलावंत पिढ्यान्‌पिढ्या चित्रकथी सादर करीत आले आहेत. रामायण-महाभारतातील प्रसंगांची सुटी चित्रे एकामागून एक धरायची आणि वाद्यांच्या साथीने कथा सांगायची, अशी ही पद्धत. त्या चित्रांतले मोठमोठे डोळे आणि बाजूने दिसणारे चेहरे एकदा पाहिले की विसरत नाहीत. हेच कलावंत चामड्याच्या बाहुल्यांच्या सावल्यांचा खेळही करतात. ही कला जतन करणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली ‘पद्मश्री’ जाहीर झाली.

जपानमध्येही अशीच एक कला होती. तिचे नाव ‘कामिशिबाई’. सायकलीवर लाकडी चौकट लावून एक माणूस गल्लोगल्ली फिरे, मुलांना खाऊ विके आणि चौकटीतील चित्रे बदलत गोष्ट सांगे. शिगेरू मिझुकी (१९२२ ते २०१५) हे भुताखेतांच्या मांगासाठी प्रसिद्ध असलेले चित्रकार प्रथम या कामिशिबाईसाठीच चित्रे काढीत असत. पिंगुळीचा चित्रकथी आणि जपानचा हा सायकलवाला यांच्यापुढचा प्रश्न एकच होता. मागच्या रांगेतल्या मुलालाही पात्र चटकन ओळखू आले पाहिजे. ते कसे साधायचे?

आधी सावली, मग चेहरा

निरोगी डोळ्याला सुमारे एक कला, म्हणजे एका अंशाचा साठावा भाग, एवढ्या कोनाचा तपशील वेगळा ओळखता येतो. यावरून एक सोपा हिशेब निघतो. राक्षसाचा दात २ सें.मी. रुंद असेल, तर सुमारे ७० मीटरपलीकडून तो दिसणार नाही. राक्षसाची एकंदर बाह्याकृती मात्र तेथूनही स्पष्ट दिसेल.

आमच्या नागपूरला हे दरवर्षी प्रत्यक्ष पाहावयास मिळते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी येथे मारबतीची मिरवणूक निघते. काळ्या मारबतीची परंपरा १८८१ पासूनची आणि पिवळीची १८८५ पासूनची सांगितली जाते. बरोबर चालू घडामोडींवर टीका करणारे ‘बडगे’ असतात. रोगराई आणि इडापिडा गावाबाहेर घेऊन जा, असे मारबतीला सांगत लोक चालतात आणि शेवटी तिचे दहन करतात. एवढ्या गर्दीतही रस्त्याच्या टोकाला मारबत दिसली की लहान मूलसुद्धा तिला ओळखते. त्या अंतरावरून तिचे नाक-डोळे कोणाला दिसत नाहीत. ओळख पटते ती आकृतीवरून.

म्हणून पात्र तयार करताना आधी त्याची सावली काढावी. सगळी आकृती काळ्या शाईने भरून टाका आणि मित्राला दाखवा. कथेतील चार पात्रांच्या चार सावल्या त्याला वेगवेगळ्या ओळखू आल्या, तर काम निम्मे झाले असे समजा. पिंगुळीच्या चामड्याच्या बाहुल्या याच कसोटीला उतरलेल्या असतात.

उजेड कोठून येतो?

मांगा बहुधा एकाच रंगाच्या शाईत छापतात. कागदाचा पांढरा आणि शाईचा काळा यांवरच सारी मदार. करडी छटा हवी असेल तर बारीक ठिपके देतात. ठिपक्यांमधील अंतर १ मि.मी. असेल, तर सुमारे साडेतीन मीटरवरून ते एकमेकांत मिसळून करडा पट्टा दिसू लागतो. याचे कारण पुन्हा तीच एक कला!

छाया कोठे द्यायची, हाही भौतिकशास्त्राचाच प्रश्न आहे. कागदावर एक वर्तुळ काढा. त्याचा वरचा भाग उजळ ठेवा आणि खालच्या भागाकडे हळूहळू गडद करीत जा. ते वर्तुळ फुगीर दिसेल. आता कागद उलटा धरा. तेच वर्तुळ खळग्यासारखे दिसू लागेल. उजेड वरून येतो असे आपला मेंदू गृहीत धरून चालतो, कारण सूर्य डोक्यावर असतो. छायेवरून आकार कसा ओळखला जातो याविषयी व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९८८ मध्ये केलेले संशोधन प्रसिद्ध आहे. हनुवटीखाली विजेरी धरली की ओळखीचा चेहराही भेसूर का दिसतो, ते आता तुमच्या लक्षात येईल. नाकाची आणि भुवयांची सावली वर पडते आणि मेंदूचा अंदाज चुकतो.

आणखी एक गोष्ट. अंधारात चमकणारे डोळे राक्षसाला हवेतच! पेंच किंवा नागझिऱ्याच्या रस्त्याने रात्री गेल्यास मोटारीच्या दिव्यात जनावरांचे डोळे चमकताना दिसतात. वाघ, मांजर, गाय यांच्या दृष्टिपटलामागे प्रकाश परत फेकणारा एक थर असतो. माणसाला तो नसतो. परंतु हा थर स्वतः प्रकाश निर्माण करीत नाही. आलेला प्रकाश जवळजवळ आल्या दिशेने परत पाठवितो. तेव्हा चमकणारे डोळे काढताना स्वतःला विचारा, कंदील कोणाच्या हातात आहे? कंदीलवाल्याला ते डोळे दिसतील; बाजूला दूर उभ्या असलेल्याला दिसणार नाहीत. या एका गोष्टीवर कथेतला एक चांगला प्रसंग उभा राहू शकतो.

साठ मीटरचा राक्षस

हाजिमे इसायामा यांची ‘अटॅक ऑन टायटन’ ही मांगा २००९ ते २०२१ या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली. तीत ६० मीटर उंचीचा एक महाकाय राक्षस आहे. माणसाची उंची १.७ मीटर धरली तर हा सुमारे ३५ पट उंच झाला. मग त्याचे वजन किती?

लांबी, रुंदी आणि जाडी ही तिन्ही ३५ पट झाल्यामुळे घनफळ ३५ × ३५ × ३५ म्हणजे ४२,८७५ पट झाले. माणसाचे वजन ७० कि.ग्रॅ. असेल तर या राक्षसाचे सुमारे ३,००० टन होईल. पण हाडाची ताकद त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते आणि ते वाढते फक्त ३५ × ३५ म्हणजे १,२२५ पट. परिणामी हाडावरील ताण ३५ पट होतो. आपल्या वजनाची आणखी ३४ माणसे खांद्यावर घेऊन उभे राहण्यासारखेच हे आहे. गॅलिलिओने १६३८ सालच्या आपल्या ग्रंथात हे तत्त्व मांडले आणि मोठ्या प्राण्याचे हाड किती बेढब जाड असावे लागेल, ते आकृती काढून दाखविले. हत्तीचे पाय खांबासारखे आणि हरणाचे काडीसारखे का, याचे उत्तर त्यात आहे.

मग इसायामांचा राक्षस उभा कसा राहतो? लेखकाने ही अडचण टाळलेली नाही. या राक्षसांचे अवयव आकाराच्या मानाने चमत्कारिक हलके आहेत, असे कथेतीलच एक संशोधक पात्र आपल्या निरीक्षणावरून सांगते. वाचकाच्या मनातील शंका लेखकाने कथेतच घेतली आणि तिचेच एक रहस्य करून टाकले.

आता पुन्हा मारबतीकडे या. बांबूचा सांगाडा आणि वर कागद, आत पोकळ. उंची दुप्पट केली तर भरीव मूर्तीचे वजन आठपट होईल. पोकळ मूर्तीवरील कागदाचे वजन मात्र चौपटच वाढेल, कारण कागदाची जाडी तीच राहते. इतकी मोठी आकृती भर गर्दीतून नेता येते याचे हे एक कारण होय. मोठे पण हलके, ही युक्ती आपल्या कारागिरांना केव्हापासून अवगत आहे!

तलवार पेलायची कशी?

केंतारो मिउरा यांची ‘बर्सर्क’ ही मांगा १९८९ साली सुरू झाली. २०२१ मध्ये मिउरा यांचे निधन झाले आणि २०२२ पासून त्यांच्या सहकाऱ्यांनी ती पुढे चालविली. हे पुस्तक प्रौढांसाठी आहे, परंतु त्याच्या नायकाची प्रचंड तलवार तुम्ही चित्रांत पाहिली असेल. समजा, अशी एक तलवार २ मीटर लांब, ३० सें.मी. रुंद आणि २ सें.मी. जाड आहे. घनफळ १२,००० घन सें.मी. झाले. पोलादाची घनता दर घन सें.मी.ला ७.८ ग्रॅम, म्हणून वस्तुमान सुमारे ९४ कि.ग्रॅ. भरेल. खऱ्या लढाईतील दोन हातांची तलवारसुद्धा साधारणतः दोन-तीन किलोग्रॅमचीच असे.

आता आपला योद्धाही ९४ कि.ग्रॅ. वजनाचा माना. त्याने तलवार समोर आडवी धरली आणि तिचा गुरुत्वमध्य शरीरापासून १ मीटर पुढे असला, तर दोघांचा मिळून गुरुत्वमध्य अर्धा मीटर पुढे जाईल. पाऊल तर ३० सें.मी.देखील लांब नसते. म्हणजे योद्धा तोंडघशी पडणार! ही तलवार सेकंदाला एक फेरा या गतीने फिरविली, तर गुरुत्वमध्य १ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात फिरतो असे धरून सुमारे ३,७०० न्यूटन बल लागेल, म्हणजे सुमारे ३८० कि.ग्रॅ. वस्तुमानाच्या वजनाइतके.

माणसाला हे शक्य नाही. पण चित्रकाराला ते शक्य वाटायला लावायचे असते. त्यासाठी योद्ध्याचे पाय फाकलेले हवेत, कंबर मागे झुकलेली हवी आणि तलवार खांद्यावर टेकलेली हवी. तलवारीचे वजन शेवटी शरीराच्या ठेवणीतूनच दिसते. ताठ उभा राहून एका हाताने ती धरणारा योद्धा काढलात, तर तलवार पुठ्ठ्याची वाटेल.

एकच नियम मोडावा

अद्भुत कथेत निसर्गनियम मोडायची मुभा असते. मात्र कोणता नियम मोडला, हे लेखकाला पक्के ठाऊक हवे आणि पुढे तो शेवटपर्यंत पाळला पाहिजे. पुण्याचे चित्रकार प्रताप मुळीक यांनी १९८६ साली ‘नागराज’ या हिंदी चित्रकथेतील नायकाला रूप दिले. त्याच्या रक्तात पांढऱ्या पेशींच्या जागी सूक्ष्म साप आहेत, एवढी एक गोष्ट मानली की त्याच्या बाकीच्या शक्तींचा उगम कळतो.

दुसरे उदाहरण २०१८ च्या ‘तुंबाड’ या हिंदी चित्रपटाचे. तोही मोठ्यांसाठीच. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना १९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने नारायण धारपांची एक भयकथा सांगितली आणि तेथे या चित्रपटाचे बीज पडले. त्यातील हस्तर या पात्राजवळ सोने आहे, पण अन्न नाही. या एका नियमातून त्याची भूक, पिठाची बाहुली, पिठाचे रिंगण आणि माणसाची हाव हे सारे निघते. भूमितीत एका गृहीतकावरून प्रमेये निघतात, तसेच हे आहे.

दुष्टपणा कशात असतो?

शेवटी एक महत्त्वाची गोष्ट. खलपुरुष काढायचा म्हटले की पुष्कळ मुले त्याला काळा रंग देतात, एक डोळा फोडतात, एक पाय लंगडा करतात. ही केवळ सवय आहे. काळी शाई आपल्यावर पडलेला बहुतेक प्रकाश शोषून घेते; याहून अधिक काही ती सांगत नाही. त्वचेचा गडद रंग हा मेलॅनिन या द्रव्याचा परिणाम असून ते आपले उन्हापासून रक्षण करते. वर्गात सावळ्या रंगाची मुले असतात, कुबडी घेऊन चालणारेही कोणी असते. खलपुरुष नेहमी आपल्यासारखाच का दिसतो, हा प्रश्न त्यांच्या मनात येत असेल, हे विसरू नये.

मोठ्या चित्रकारांनी ही सवय मोडली आहे. मिझुकी यांचा डावा हात दुसऱ्या महायुद्धात गेला. उजव्या हाताने त्यांनी जो किटारो हा भूतबालक रंगविला, त्याला डावा डोळा नाही, आणि तोच कथेचा नायक आहे. मिउरांचा नायक काळ्या वेषात असतो आणि त्याचाही डावा हात तुटलेला आहे. पात्र दुष्ट आहे की नाही, हे ते काय करते यावरून ठरावे. भय मात्र आकृतीतून, उजेडातून आणि प्रमाणातून निर्माण करावे.

शिक्षक मित्रांनाही विनंती आहे. गुणोत्तर, क्षेत्रफळ, घनता आणि गुरुत्वमध्य हे धडे शिकविताना विद्यार्थ्यांनाच एकेक राक्षस काढावयास सांगा आणि त्याचे वजन फळ्यावर काढून घ्या.

करून पाहा

१. तुमच्या आवडत्या पात्राची काळी सावली काढा. मित्राला किती मीटरवरून ओळखू येते, ते मोजा.

२. १० सें.मी. आणि २० सें.मी. बाजूंचे दोन पोकळ ठोकळे एकाच जाडीच्या कागदाचे करा आणि वजन करून पाहा. गुणोत्तर चारच्या जवळ येते का?

३. माणसाच्या दहापट उंच राक्षसाच्या हाडावर आपल्याइतकाच ताण यावा, असे ठरवा. लांबी दहापट असताना हाडाची जाडी किती पट करावी लागेल? उत्तर सुमारे ३२ पट आहे. ते कसे आले, हे ताडून पाहा आणि त्याप्रमाणे राक्षसाचे पाय काढा.