गळ्यातलं नाव

राखणदार : लेखांक १७

या आठवड्यात कुत्र्यांच्या नसबंदीच्या मोहिमेवर लिहीन, असं कबूल केलं होतं. तो लेख पुढच्या खेपेला. मधेच पुण्याच्या कसबा पेठेतून एक पत्र आलं आणि त्याचं उत्तर लांबवावं, असं मला वाटेना.

पवळे चौकाजवळ राहणाऱ्या एका वाचक ताईंचं ते पत्र. मुलाच्या पासपोर्टच्या चौकशीसाठी हवालदार घरी आले होते. ताईंनी दार उघडलं आणि त्यांचा सहा वर्षांचा कुत्रा त्यांच्या पायांमधून मुसंडी मारत थेट जिन्यात गेला. चावला नाही, पण आवाज मोठा. हवालदारांचा हात काठीवर गेला. ताईंनी खाली बसून कुत्र्याला दोन्ही हातांनी कवटाळलं. पुढं सगळं नीट झालं, हवालदार कागद बघून, चहा घेऊन गेले. ताईंना मात्र रात्री झोप लागली नाही. मुलगा शिकायला अमेरिकेला निघालाय. तिथं पोलीस घरात शिरून पाळलेल्या कुत्र्यांना गोळ्या घालतात, हे त्यानंच त्यांना सांगितलं होतं. ताई विचारतात, "आपल्याकडे असं होऊ शकतं का? आणि झालं, तर चूक कुणाची धरायची, त्यांची की माझी?"

मुलानं सांगितलं ते खरं आहे. मेरीलँड राज्यात बर्विन हाइट्स नावाचं छोटं गाव आहे. २९ जुलै २००८ च्या संध्याकाळी तिथल्या महापौरांच्याच घराचं दार फोडून पोलीस आत घुसले आणि घरातले दोन काळे लॅब्रेडोर त्यांनी गोळ्या घालून मारले. महापौर आणि त्यांच्या सासूबाई यांना हात बांधून जमिनीवर ठेवलं. त्यांच्या पत्नीच्या नावे गांजाचं एक पार्सल आलं होतं. तपासात निघालं ते असं, की तस्करांची एक टोळी भलत्याच लोकांच्या पत्त्यावर माल पाठवायची आणि तो वाटेत उचलायची. त्या घराचा या व्यवहाराशी काडीचाही संबंध नव्हता. अशा घटनांवरून अमेरिकेत बराच कायदा घडला. पाळलेला कुत्रा विनाकारण मारणं म्हणजे नागरिकाच्या मालमत्तेवर घटनाबाह्य हात टाकणं, असं तिथल्या वरिष्ठ न्यायालयांनी सांगितलं. कोलोरॅडो राज्यानं २०१३ मध्ये कायदाच केला : दारात कुत्रा दिसला तर कसं वागायचं, याचं शिक्षण पोलिसांनी घेतलंच पाहिजे आणि शक्य असेल तिथं मालकाला कुत्रा आवरायला अवधी दिला पाहिजे.

आता ताईंचा पहिला प्रश्न. आपल्याकडे असं होऊ शकतं का? ताई, झालेलं आहे. मुंबईत, १८३२ साली.

ही हकिगत मला वीसेक वर्षांपूर्वी सापडली आणि तेव्हापासून ती माझी पाठ सोडत नाही. कंपनी सरकारचा जुना नियम होता, की वर्षातल्या ठरावीक दिवसांत पोलिसांनी मुंबईतली भटकी कुत्री मारावीत. पिसाळलेल्या कुत्र्यांची भीती खरीच होती. लस यायला अजून अर्धं शतक होतं. १८३२ च्या उन्हाळ्यात दंडाधिकाऱ्यांनी ही मुदत वाढवून १५ जूनपर्यंत नेली. मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे बक्षीस मिळायचं. सारा घोटाळा इथं झाला. रस्त्यावरची कुत्री चपळ, ती हाती लागत नाहीत. दारात बसलेलं, माणसाळलेलं, हाक मारली की शेपूट हलवत येणारं कुत्रं मात्र सहज सापडतं. बक्षीस दोघांवर सारखंच. लोकांच्या तक्रारी आल्या, की मारेकरी आवारात आणि घरात शिरून पाळलेली कुत्रीही मारताहेत.

६ जूनला पारशांचा पवित्र दिवस होता. त्या दिवशी कोटात कुत्री मारणाऱ्या दोन गोऱ्या शिपायांना जमावानं गाठलं आणि झोडपलं. पारशांच्या धर्मात कुत्र्याचं स्थान फार वरचं. वेंदिदाद या त्यांच्या धर्मग्रंथाचा १३ वा अध्याय जवळजवळ सगळा कुत्र्याविषयी आहे. माणूस गेला की कुत्र्याला आणून त्याची नजर मृतदेहावर पाडतात. या विधीला सगदीद म्हणतात. डोळ्यांच्या वर दोन ठिपके असलेला, म्हणजे चार डोळ्यांचा कुत्रा त्यासाठी उत्तम. असा प्राणी त्यांच्या डोळ्यांदेखत काठीनं ठेचला जात होता. दुसऱ्या दिवशी बाजार बंद झाला. पारशांबरोबर हिंदू आणि जैन व्यापारीही उतरले. लष्कराच्या छावणीकडे जाणारी रसद अडवली गेली. शेवटी सैन्य बोलवावं लागलं, धरपकड झाली, काही जणांवर खटले चालले. पण सरकारनंही माघार घेतली : कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेऊन सोडायची, असं ठरलं. मध्यस्थी करणाऱ्यांत जमशेटजी जीजीभॉय होते. दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, त्यांनी आणि अमीचंद शहा यांनी मुंबईची पांजरपोळ उभी केली. भुलेश्वरच्या गर्दीतून जाताना गाईंचा आवाज येतो ना, तीच. आज तिथं गाई दिसतात म्हणून आपण तिला गोशाळा समजतो, पण तिच्या मुळाशी पोलिसांच्या हातून मरणारी कुत्री आहेत.

या दंगलीवर धार्मिक भावना या अंगानं पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मी तिच्याकडे कुत्रा पाळणारा माणूस म्हणून बघतो आणि मला त्यात एकच गोष्ट दिसते. हा कुत्रा कुणाचा तरी आहे, हे ओळखण्याचं कसलंच बंधन मारणाऱ्यावर नव्हतं. त्यामुळे घरचा आणि दारचा हा भेद पुसला गेला.

तो भेद कायद्यात लिहिला गेला, आणि कुठं, ते बघा. मुंबई पोलीस अधिनियम १९५१ चा. त्यालाच आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणतात. त्याचं ४४ वं कलम काढून वाचा. पोलिसांचे वरिष्ठ अधिकारी जाहीर सूचना काढून ठरावीक मुदतीत रस्त्यावरची भटकी कुत्री नष्ट करायला सांगू शकतात, असं त्यात आहे. मोकळ्या कुत्र्यांच्या तोंडाला मुसकं हवं, अशीही सूचना काढता येते आणि ती लागू असताना मुसक्याविना सापडलेलं कुत्रं मारता किंवा पकडून ठेवता येतं. पण त्याला एक परंतुक जोडलेलं आहे. गळपट्ट्यावर मालकाचं नाव आणि पत्ता कोरलेला असेल, तर त्या कुत्र्याला तिथल्या तिथं मारायचं नाही. मालकाला टपालानं किंवा अन्य मार्गानं कळवायचं. मी हे परंतुक पहिल्यांदा वाचलं तेव्हा कितीतरी वेळ त्या ओळीकडे बघत राहिलो. एका मुक्या जिवाचं जगणं किंवा मरणं कायद्यानं एका कोरलेल्या पत्त्यावर ठेवलं होतं.

केंद्र सरकारच्या २००१ च्या आणि त्यानंतर २०२३ च्या नियमांनी भटक्या कुत्र्यांच्या बाबतीत मारण्याची वाट बंद केली : नसबंदी, रेबीजची लस आणि पुन्हा त्याच जागी सोडणं. २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानंही हीच रीत कायम ठेवली. पिसाळलेली आणि आक्रमक कुत्री तेवढी वगळली. नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं इथली कुत्री हलवण्याचा आदेश आला. म्हणजे पकडणाऱ्या गाड्या आता पूर्वीपेक्षा जास्त फिरणार. अशा वेळी तुमचा मोत्या दार उघडं बघून बाहेर पडला आणि त्याच्या गळ्यात काही नसेल, तर पकडणाऱ्याच्या लेखी तो भटकाच. त्याला दोष कसा देणार?

दंडाच्या कायद्यातही मोठा बदल झालाय आणि त्याची फारशी चर्चा झाली नाही. १८६० च्या दंड संहितेत हत्ती, घोडा, गाय, बैल यांना मारणं हा किमतीचा विचार न करता गंभीर गुन्हा होता. कुत्र्याला ते संरक्षण मिळवायला पन्नास रुपये किमतीचं असावं लागे. आपल्या गल्लीतल्या गावठी कुत्र्याची किंमत कोण सांगणार? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३२५ व्या कलमात ही किंमतच काढून टाकली आहे. कुठल्याही प्राण्याला दुष्टाव्यानं मारलं किंवा लुळंपांगळं केलं, तर पाच वर्षांपर्यंत कैद. त्याच संहितेचं २९१ वं कलम मात्र मालकाकडे बोट दाखवतं. आपल्या प्राण्यापासून माणसाला इजा होऊ नये म्हणून पुरेशी काळजी घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि 'मग मी त्याला बांधूनच ठेवतो' म्हणणाऱ्यांसाठी १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे. कायम साखळीला बांधलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणं हीसुद्धा त्यात क्रूरताच आहे.

म्हणून ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं : उंबऱ्याच्या आत जबाबदारी आपली. दार उघडण्याआधी कुत्रा आतल्या खोलीत गेला पाहिजे. घंटी वाजली की आपल्या जागेवर जाऊन बसायचं, हे महिन्याभरात शिकवता येतं. रोज पाच वेळा घरच्याच कुणीतरी घंटी वाजवायची आणि जागेवर बसला की खाऊ द्यायचा. दारावर पाटी हवी. गॅसवाला, मीटर बघणारा, टपाल घेऊन येणारा, हवालदार, ही सगळी माणसं आपल्या पोटासाठी रोज अनोळखी दारांसमोर उभी राहतात. 'आमचा काही करत नाही' हे वाक्य त्यांनी कशाच्या भरवशावर खरं मानायचं?

आणि पोलिसांनाही एक विनंती. कुत्र्याची भाषा तुमच्याच खात्याला सगळ्यात चांगली येते. शिवाजीनगरला, कसब्यापासून नदी ओलांडली की हाकेच्या अंतरावर, गुन्हे अन्वेषण विभागाचं श्वान प्रशिक्षण केंद्र आहे. १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर मुंबईत तीन हजार किलोंहून जास्त आरडीएक्स हुडकून काढणारा जंजीर तिथंच शिकला. २००० च्या नोव्हेंबरमध्ये तो हाडाच्या कर्करोगानं गेला, तेव्हा पोलिसांनी त्याला मानवंदना दिली. ज्या दलानं एका लॅब्रेडोरला सलामी दिली, त्या दलाला भुंकणं आणि हल्ला यांतला फरक समजावून सांगायला बाहेरचा गुरू नको. श्वान पथकातल्या एखाद्या जाणत्या हस्तकानं चौकीचौकीवर जाऊन दोन तास बोलावं. कान कुठं आहेत, शेपूट कसं आहे, अंग ताठ आहे की सैल, कुठं थांबावं, नजर का रोखू नये. कोलोरॅडोला त्यासाठी कायदा करावा लागला. आपल्याकडे एका परिपत्रकानं भागेल.

आता परत गळपट्ट्याकडे.

आमच्या खंड्याला मी पहिला बिल्ला तांबट आळीतून करून आणला. कसब्यातल्या त्या गल्लीत अजून हातोडीचा ठोका ऐकू येतो. बंब, घंगाळं यांवर मठारकाम करणाऱ्या कारागिरानं रुपयाएवढा तांब्याचा तुकडा गोल कापून, कडा घासून, भोक पाडून दिला. पावसाळ्यात तांबं हिरवट पडतं आणि मानेचे केस डागाळतात, हे नंतर कळलं. आता स्टीलचा आहे. नाव घालायला मी भांड्यांच्या दुकानात गेलो. लग्नातल्या तांब्या-पेल्यावर यंत्रानं नाव घालून देतात, तिथंच. त्या दुकानदारानं इतक्या वर्षांत कुत्र्यासाठी पहिल्यांदाच नाव घातलं, आणि पैसे घेतले नाहीत.

त्या बिल्ल्याचं मोल एका अनंत चतुर्दशीला कळलं. ढोलांचा आवाज टिपेला गेला आणि खंड्या वाड्याच्या दिंडी दरवाजातून निसटला. आम्ही चार जण चार दिशांना धावलो. दीड तासानं फोन आला. फडके हौदाजवळच्या एका दुकानाच्या फळीखाली तो थरथरत बसला होता आणि दुकानातल्या मुलानं वाकून बिल्ला वाचला होता. त्या गर्दीत, त्या आवाजात आणखी कशानंही तो सापडला नसता. कातडीखाली बसवायची चिप चांगलीच, जरूर बसवा. पण ती वाचायचं यंत्र दुकानातल्या पोराकडे नसतं, हवालदाराकडे नसतं. कोरलेली अक्षरं कुणालाही वाचता येतात.

बिल्ल्यावर काय असावं? दोन फोन नंबर, दोन वेगवेगळ्या माणसांचे. पेठेचं नाव. 'लस दिली आहे' एवढे शब्द. कुत्र्याचं नाव नसलं तरी चालेल, नावानं हाक मारून कुणीही त्याला नेऊ शकतं. पट्टा आणि मान यांत दोन बोटं जावीत, इतका सैल. आणि महापालिकेचा परवाना दरवर्षी नूतन करा. त्यासाठी लसीचा दाखला लागतो, म्हणजे लसही चुकत नाही.

ताई, तुमच्या कुत्र्याच्या गळ्यात पट्टा आहे का, हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. नसेल तर तांबट आळी तुमच्या घरापासून पाच मिनिटांवर आहे. या रविवारी जाऊन या.