खिशातली चार्जिंग बॅटरी: दुकानात ठेवण्याआधी स्वतः पारखा



आपल्या भागात टॉर्चला कोणी टॉर्च म्हणत नाही, बॅटरीच म्हणतात. रब्बीच्या दिवसांत माझ्या सेनगावच्या काउंटरवर एक वाक्य ठरलेलं असतं, "दादा, चांगली बॅटरी द्या, या आठवड्यात रात्रीची लाईट हाय." शेतीपंपाची थ्री-फेज लाईन रात्रपाळीत आली की शेतकरी जेवण करून शेतात निघतो. हरभऱ्यात, गव्हात स्प्रिंकलरचे पाइप बदलायचे, मोटर बंद पडली तर विहिरीवर जायचं, आणि रोही किंवा रानडुकरं आली तर त्यांना हाकलायचं. या सगळ्याला सोबत असते ती खिशातली एक बॅटरी.

म्हणून आज या छोट्या वस्तूवरच बोलू. तुम्ही मोबाइल ॲक्सेसरीज, इलेक्ट्रिकल किंवा कृषी सेवा केंद्र चालवत असाल, किंवा सुरू करणार असाल, तर चार्जिंग बॅटरी तुमच्याकडे येणारच. ती पारखायची कशी, हे मी स्वतः पैसे घालवून शिकलो. तुम्ही वाचूनच शिका.

माझा तोटा आधी ऐका

दुकानाच्या पहिल्या वर्षी एका ठोक विक्रेत्याकडून मी ४० नग आणले. खरेदी ११० रुपये, विक्री १८० रुपये. डबीवर मोठमोठे आकडे होते आणि झूमची काच चकचकीत होती. हिशोब सोपा वाटला: ४,४०० रुपयांचा माल, ७,२०० रुपयांची विक्री, २,८०० रुपये सुटले!

दोन महिन्यांत १४ नग परत आले. मी प्रत्येकाचे १८० रुपये दिले, म्हणजे २,५२० रुपये गेले. उरले किती? २८० रुपये. त्यात माझं येण्या-जाण्याचं भाडंसुद्धा निघालं नाही.

पण पैशाचं दुःख मी विसरलो असतो. एक काका मात्र विसरता येत नाहीत. त्यांनी बॅटरी काउंटरवर ठेवली आणि आवाज न चढवता म्हणाले, "पाइप बदलताना बंद पडली. दोन पावलांवर काहीतरी सळसळलं. मी तिथंच उभा राहिलो, उजाडेपर्यंत." पैसे घेतले आणि गेले. पुन्हा दुकानात आले नाहीत.

मित्रांनो, घोणस आणि मण्यार रात्रीच जास्त फिरतात. आपण त्या माणसाला १८० रुपयांची वस्तू विकलेली नसते. अंधारात पाय कुठं ठेवायचा, याचा भरवसा विकलेला असतो.

आकडा आधी डोक्यात तपासा

डबीवर "२०,००० ल्युमेन" लिहिलेलं असतं. ल्युमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. घरातला ९ वॅटचा एलईडी बल्ब साधारण ९०० ल्युमेन देतो, म्हणजे एका वॅटला ढोबळमानाने १००. मग २०,००० ल्युमेनला २०० वॅट लागतील. बोटाएवढ्या बॅटरीतून २०० वॅट येतील का? हातात धरताच येणार नाही इतकी तापेल.

आता सेल बघा. यात बहुतेक वेळा १८६५० नावाचा लिथियम सेल असतो. नावातच माप आहे: १८ मिलिमीटर जाडी, ६५ मिलिमीटर लांबी. या मापाच्या चांगल्या सेलची क्षमता जास्तीत जास्त ३,५०० एमएएचच्या आसपास जाते. त्यामुळे सेलवर "९,९०० एमएएच" दिसलं की तो माल तिथंच खाली ठेवा. किचनचा वजनकाटा असेल तर सेल तोलून बघा. चांगला सेल ४५ ग्रॅमच्या पुढंमागं भरतो. फारच हलका लागला तर आत माल कमी आहे, हे ओळखा.

बॅटरी किती वेळ चालेल, तेही काढता येतं. २,६०० एमएएचच्या सेलमध्ये सुमारे साडेनऊ वॅट-तास ऊर्जा असते. ३०० ल्युमेनला साधारण ३ वॅट धरा. मग तीन तासांच्या आसपास चालेल. तेवढ्याच सेलवर "१,००० ल्युमेन, १० तास" हे जमणार नाही. हा हिशोब होलसेलरसमोर बोटांवर करून दाखवा, त्याचा बोलण्याचा सूर बदलतो.

आणखी एक गोष्ट. टॉर्चसाठी एफएल-१ नावाचं मानक वापरलं जातं. त्यात चालण्याचा वेळ सुरुवातीच्या उजेडाचा फक्त १० टक्के उरेपर्यंत मोजतात. म्हणजे खरं बोलणारी कंपनीसुद्धा "८ तास" लिहिते, तेव्हा आठही तास सारखा उजेड मिळेल असं नसतं.

सहा परीक्षा, घरच्या घरी

एक नग विकत घ्या. सॅम्पल फुकट मागू नका, फुकटातला नग निवडून दिलेला असू शकतो.

१. वेळेची परीक्षा. पूर्ण चार्ज करून मधल्या मोडवर लावा. अंधाऱ्या खोलीत ठरलेल्या अंतरावर वर्तमानपत्र टांगा आणि दर अर्ध्या तासाने बघा की बातमी वाचता येते का. जिथं वाचता येणं थांबलं, तो तुमचा खरा वेळ. गिऱ्हाइकाला तोच सांगा.

२. उजेडाच्या आकाराची परीक्षा. पायाजवळ बघायला पसरट उजेड लागतो, बांधापलीकडचं बघायला लांब जाणारा. फक्त झोत लांब टाकणारी बॅटरी पायाखाली छोटंसं वर्तुळ दाखवते आणि शेजारचं सगळं अंधारात राहतं. शेतात चालणाऱ्याला आधी पसरट उजेड हवा.

३. तापण्याची परीक्षा. सगळ्यात मोठ्या मोडवर १० मिनिटं हातात धरा. कोमट होणं आणि उजेड थोडा उतरणं चालतं. चांगल्या बॅटरीत तशी सोयच केलेली असते. चटका बसत असेल तर नको.

४. पाण्याची परीक्षा. आयपीएक्स-४ म्हणजे शिंतोडे सहन होतात. आयपीएक्स-७ म्हणजे एक मीटर पाण्यात ३० मिनिटं. शिंतोडेवाली असेल तर नळाखाली हलकं पाणी उडवा, आयपीएक्स-७ लिहिलं असेल तर बादलीत बुडवा. चार्जिंगच्या भोकावरचं रबर घट्ट लावा आणि पूर्ण वाळल्याशिवाय चार्जिंगला लावू नका. स्प्रिंकलरखाली वापर होणार आहे, हे लक्षात ठेवा.

५. हाताची परीक्षा. पाइप बदलायला दोन्ही हात लागतात. मग बॅटरी तोंडात धरायची का? टोपीला अडकणारी क्लिप किंवा मागं लोहचुंबक असेल तर काम सोपं होतं. बटण ओल्या बोटाने दाबून बघा. एकदा दाबलं की लागली, पुन्हा दाबलं की बंद, इतकं सरळ हवं. लुकलुकणारा मोड मध्येच आला की म्हातारी माणसं वैतागतात. खिशात आपोआप लागत नाही ना, तेही दिवसभर खिशात ठेवून बघा.

६. चार्जिंगची परीक्षा. टाइप-सी भोक असलं म्हणजे कोणत्याही केबलने चार्ज होईल असं नाही. स्वस्त मालात आतला छोटा रेझिस्टर वाचवलेला असतो, मग दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलने ती चार्जच होत नाही. "बिघडली" म्हणून गिऱ्हाईक परत येतं. दोन्ही प्रकारच्या केबल लावून बघा.

कागद बघायला लाजू नका

पॅकिंगवर उत्पादक किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी, महिना-वर्ष आणि कस्टमर केअर असलंच पाहिजे. माल बाहेरचा असेल तर कोणत्या देशाचा, तेही. लिथियम सेलला बीआयएसची सक्तीची नोंदणी लागते. मानक आयएस १६०४६. सेलवर आर ने सुरू होणारा नंबर असतो, तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की खरा-खोटा दोन मिनिटांत कळतं.

हे का सांगतोय? ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार, सदोष मालाने इजा झाली आणि उत्पादक कोण तेच माहीत नसेल, तर जबाबदारी विकणाऱ्यावर येऊ शकते. बिनबिलाचा माल दहा रुपये स्वस्त पडतो, पण सगळी जोखीम आपल्या डोक्यावर येते.

किती नग भरायचे?

आता मी पहिल्या खेपेला १० नगच आणतो. सध्याची बॅटरी ४२० ला पडते, ५५० ला जाते. दहा नगांत १,३०० रुपये. मार्जिनची टक्केवारी पहिल्या मालापेक्षा कमी आहे, पण पैसे हातात राहतात आणि माणूस परत येतो. नग परत आला तर बदलून मिळेल, हे ठोक विक्रेत्याकडून बिलावर लिहून घेतो.

मोसम ओळखा. पावसाळ्याच्या तोंडावर आणि रब्बीच्या पाण्याच्या दिवसांत मागणी असते. आणि पुढचंही बघा. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आली, २०२३ पासून तिचा २.० टप्पा चालू आहे. तिचा हेतूच शेतीला दिवसा वीज देणं हा आहे. आपल्या फिडरवर दिवसाची लाईट पक्की झाली की रात्रीची बॅटरी कमी खपेल. शेतकऱ्याचं भलं होईल, त्यात आपण आनंदच मानू. फक्त तेव्हा गोडाऊनमध्ये २०० नग पडून नकोत.

विकताना ही चार वाक्यं बोलाच

"काका, खरा उजेड तीन तास, त्याहून जास्त धरू नका." "गादीवर ठेवून चार्ज करू नका." "सेल फुगला तर वापरू नका, माझ्याकडे आणा." "बॅटरी असली तरी बूट आणि काठी सोडू नका, आणि काही चावलंच तर वेळ न घालवता सरकारी दवाखाना गाठा."

पहिलं वाक्य ऐकून एखादं गिऱ्हाईक निघून जातं. जाऊ द्या. शेजारच्या दुकानातली "दहा तासवाली" अर्ध्या रात्री विझली की ते परत येतं, हे मी दोन रब्बी पाहिलंय.

आजचा गृहपाठ: तुमच्या दुकानातली किंवा घरातली एक बॅटरी घ्या, पूर्ण चार्ज करा आणि रात्री वर्तमानपत्राची परीक्षा घ्या. मिळालेला वेळ वहीत लिहा. मग डबीवरचा आकडा शेजारी लिहा. दोन्ही आकड्यांत जेवढा फरक दिसेल, तेवढं खोटं आपण नकळत विकत होतो.

भेटू पुढच्या व्हिडिओत.