यमकहीन इंग्लिश शब्द

ज्या इंग्लिश शब्दांशी पूर्ण यमक साधणारा दुसरा शब्द त्या भाषेत प्रचलित नाही, त्यांना यमकहीन शब्द म्हणतात. 'ऑरेंज', 'सिल्व्हर', 'पर्पल' आणि 'मंथ' ही त्यांची नेहमी दिली जाणारी उदाहरणे होत.

पूर्ण यमकाची अट

इंग्लिशमध्ये पूर्ण यमकासाठी दोन्ही शब्दांतील आघातयुक्त स्वर व त्यापुढील सर्व ध्वनी सारखे असावे लागतात. त्या स्वराआधीचा ध्वनी मात्र वेगळा असावा लागतो. यमक उच्चारावरून ठरते, लेखनावरून नाही. 'ऑरेंज' व 'चॅलेंज' यांचे यमक देवनागरीत जुळल्यासारखे दिसते. परंतु दोहोंत आघात पहिल्या अक्षरावर असून तेथील स्वर भिन्न आहेत. 'मंथ' व 'टेन्थ' यांचा अंत्य व्यंजनसमूह एकच असला, तरी आधीचा स्वर वेगळा असल्याने ते केवळ अर्धयमक ठरते.

अपवाद

विशेषनामे आणि दुर्मीळ शब्द विचारात घेतल्यास यांपैकी काहींना यमक सापडते. वेल्समधील ब्लॉरेंज या डोंगराचे नाव 'ऑरेंज'शी, 'चिल्व्हर' (मेंढीचे मादी कोकरू) हा शब्द 'सिल्व्हर'शी, तर 'हर्पल' (लंगडत चालणे) हा स्कॉट्स शब्द 'पर्पल'शी जुळतो. 'मंथ'साठी गणितातील 'एन-प्लस-वन्थ' या क्रमवाचकाचा दाखला दिला जातो. त्यामुळे 'यमक नाही' हे विधान सर्वसामान्य शब्दसंग्रहापुरतेच खरे ठरते.

काव्यातील उपाय

असे शब्द कवी बहुधा ओळीच्या शेवटी येऊ देत नाहीत, अर्धयमकावर भागवतात किंवा दोन शब्द जोडून जवळचा ध्वनी साधतात. उदाहरणार्थ, 'ऑरेंज'साठी 'डोअर हिंज'.