'मी सॉन'चे बोलके दगड 🛕

मध्य व्हिएतनाममध्ये डोंगरांच्या कुशीत 'मी सॉन' हा चाम राजांचा मंदिरसमूह आहे. लाल विटांची ही मंदिरं मुख्यतः शिवाची!

इथले शिलालेख संस्कृत आणि जुन्या चाम भाषेत आहेत. इ.स. ४००च्या आसपासच्या एका लेखात राजा भद्रवर्मन भद्रेश्वराला, म्हणजे शिवाला, जमीन दान देतो. आपल्याकडच्या ताम्रपटांत असते तशी त्या जमिनीची चतुःसीमाही नोंदवतो आणि पुढच्या राजांना विनवतो, हे दान मोडू नका.

पुढे भद्रेश्वराचं देऊळ आगीत जळालं. राजा शंभुवर्मनने ते पुन्हा उभारलं आणि देवाच्या नावाला स्वतःचं नाव जोडलं: शंभुभद्रेश्वर. हेही शिलालेखातूनच कळतं.

१९६९मध्ये अमेरिकी बॉम्बहल्ल्यांत इथली अनेक मंदिरं उद्ध्वस्त झाली. १९८०च्या दशकात पोलिश तज्ज्ञांनी व्हिएतनामी सहकाऱ्यांसोबत उरलेली सावरली. १९९९मध्ये हे ठिकाण जागतिक वारसा यादीत आलं.

नंतर व्हिएतनाम सरकारसोबतच्या करारातून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने 'ए', 'एच' आणि 'के' या मंदिरगटांचं जतनकाम केलं. २०२०मध्ये तिथेच एकसंध वालुकाश्मातलं शिवलिंग सापडलं!

जवळच्या दा नांग शहरात गेलात, तर अर्धा दिवस इथे नक्की द्या. शिल्पांसाठी शहरातलं चाम संग्रहालयही चुकवू नका.